जाळायचा राहिलेला पट्टा

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी दुपारी माळाला आग लागली. घर जळालं. गवताची गंजी जळाली. माधव, माझा नवरा, आग विझवत होता. तो खाली बसला आणि उठला नाही. मला फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत कामावर होते. मी कल्याणच्या हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं संपलं होतं.

त्याला आता तीन गवतं झाली. वर्षं मोजायची ही रीत माझी नाही, माळाकडची आहे. तिकडे दसऱ्यानंतर गवत पिकतं, कापलं जातं, आणि एक वर्ष झालं असं लोक धरतात. वाडीतल्या चांगुणाची सून येऊन दोन गवतं झाली, असं माधव बोलण्याच्या ओघात सांगायचा, आणि आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मी हातातलं काम थांबवून मनात हिशेब लावायचे. आता मलाही तसंच मोजता येतं.

आमच्या गॅलरीतून कोपरच्या बाजूला खाडीलगतची थोडी मोकळी जागा दिसते. दिवाळी सरली की तिथलं गवत पिवळं पडतं. ते कोणी कापत नाही. वाळल्या गवताला सोनेरी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, मीही पूर्वी म्हणत असे. पण नीट बघितलं तर तो रंग सोन्याचा नसतो. पावसात भिजलेलं गोणपाट बरेच दिवस उन्हात पडलं की जसं दिसतं, तसा तो असतो. वारा आला की सगळं गवत एका बाजूला झुकतं आणि खालची सावली उघडी पडते. मग ते सरळ होतं. यात बघण्यासारखं काही नाही, तरी चहा निवेपर्यंत मी तिथे उभी असते.

माधव एका रंगाच्या कारखान्यात होता. अठ्ठावीस वर्षं. कपड्यांना लागणारा रंग तिथे तयार व्हायचा. कोणत्या पाळीला कोणता रंग काढला हे मला त्याच्या रुमालावरून समजायचं. जांभळा रंग सर्वांत चिवट, तो कानामागे राहायचा. सुट्टीच्या दिवशीही नाक शिंकरलं की रुमालावर काहीतरी उमटायचं, आणि तो रुमाल उजेडात धरून म्हणायचा, ‘आज मोरपंखी.’ आम्ही हसायचो. मुलगा लहान होता तेव्हा त्याला या विनोदाचं फार कौतुक होतं. मोठा झाल्यावर तो हसेनासा झाला. पुढे मीही.

कारखाना बंद झाला तेव्हा माधवच्या बरोबरीच्या लोकांनी दुसरी नोकरी शोधली, कोणी कोपऱ्यावर दुकान टाकलं. माधवचं गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव होतं, म्हणून त्याला शेतजमीन घेता येत होती. कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी एक माळ होता, तो त्याने घेतला. शेत म्हणावं असं तिथे काही नव्हतं. झाडं मोजून पाच. बाकी सगळं गवत, कमरेएवढं, आणि वर एवढं मोठं आकाश की पहिल्यांदा गेले तेव्हा मला छत्री उघडावीशी वाटली. पाऊस नव्हता, ऊनही फारसं नव्हतं. नुसतं डोक्यावर काहीतरी असावं असं वाटलं.

‘इथे राहणार तू?’ मी विचारलं.

‘आपण,’ तो म्हणाला.

मी रिटायर झाले की येईन, म्हटलं, आणि नंतरही एवढंच म्हणत राहिले.

घर त्याने हाताने बांधलं. कारवीच्या काठ्या उभ्या करून, त्यांना शेणमातीने लिंपून भिंती केल्या. चांगुणाने त्याला लिंपण शिकवलं. ती पलीकडच्या वाडीतली, आमच्याच वयाची. नवऱ्याबरोबर लोकांच्या माळावरचं गवत कापायला जायची, दोन म्हशी राखायची. माधवला ती भाऊ म्हणायची आणि मला वहिनी, पण तो कंपनीतून आलेला म्हणून तिच्या तोंडी त्याचं खरं नाव ‘कंपनी’ हेच होतं. कंपनीला कुदळ धरता येत नाही. कंपनी उन्हात टोपी विसरते. वाडीतल्या सगळ्या घरांवर पत्रे चढले होते, आणि या कंपनीने मात्र गवताचं छप्पर घातलं, याचं तिला फार हसू यायचं. ‘आमी गवतातनं बाहेर यायला इतकी वर्सं घालवली, आन् हे बगा शिरले आत,’ ती मला म्हणाली होती. माधवने आधी पत्राच लावला होता. पहिल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघाल्यावर तो काढून गवत घातलं. दर वैशाखात ते नव्याने शाकारायचं, हे काम त्याच्या अंगावर पडलं आणि त्याला ते आवडलं.

माळ फोडणं सगळ्यांत कठीण गेलं. गवताची मुळं एकमेकांत इतकी गुंतलेली की कुदळ मारली की ती उडून परत यायची. एका पावसाळ्यात त्याने आमच्या दोन खोल्यांएवढी जागा मोकळी केली. तिथे नाचणी लावली. ती उगवली, आणि तिच्याबरोबर गवतही उगवलं, आणि कोणतं काय हे त्याला ओळखता येईना. चांगुणाने येऊन बघितलं, आणि तो नाचणी उपटून गवत राखत असल्याचं तिच्या लक्षात आलं. ही गोष्ट ती माणसांसमोर सांगायची आणि तो खाली बघून हसायचा. मला त्याचा तो चेहरा माहीत नव्हता. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याला चुकलेलं पाहिलं होतं, पण चुकून खूश झालेलं पाहिलं नव्हतं.

माळावर फोन लागत नसे. विहिरीच्या वर एक खडक होता, त्याच्यावर उभं राहिलं की आवाज यायचा. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तो खडकावर चढायचा आणि मी कुकर बंद करून फोन घ्यायचे. बोलणं थोडंसंच. विहिरीला पाणी किती, लायब्ररीत कोण आलं, निखिलचा फोन आला का. निखिल आमचा मुलगा, घोडबंदर रोडला एका इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. बोलणं संपलं तरी माधव लगेच फोन ठेवत नसे. मग मला त्याच्या मागचा वारा ऐकू यायचा. गवतातून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज झाडातल्या वाऱ्यासारखा नसतो. तो खालून येतो. कोणीतरी लांबवर धान्य पाखडत बसलंय असा. मी कानाला फोन लावून तो ऐकत असे आणि आमच्या इमारतीखालच्या रिक्षांचा आवाज त्यालाही तिकडे ऐकू जात असणार हे मला कधी सुचलं नाही.

दर पंधरा दिवसांनी तो डोंबिवलीला यायचा. गवत पिकल्यानंतरच्या दिवसांत त्याच्या पायमोज्यांत, विजारीत, बनियनच्या शिवणीत कुसळं असायची. ती टोकदार असतात आणि पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. मी त्याला दारातच अडवायचे. जिन्यात झटक, मग आत ये. शेजारच्या वहिनी एकदा हसून म्हणाल्या, अहो, पाहुण्याला असं दारात उभं करू नका. आम्ही दोघंही हसलो. आत आल्यावर पाहुणा हा शब्द टेबलावर बराच वेळ पडून होता. कुसळं तरीही यायचीच. धुण्याच्या मशीनमधून ती माझ्या साड्यांत जायची, आणि लायब्ररीत किंवा समितीच्या बैठकीत अचानक कमरेला टोचायची.

आता टोचत नाहीत. मध्यंतरी एका जुन्या शब्दकोशाच्या पानांत एक सापडलं. ते मी काढलं नाही.

पट्टा म्हणजे काय, हे सांगायला हवं. गवत कापून झालं, गंजी रचून झाली, की घराभोवती आणि गंजीभोवती दहा-बारा हात रुंदीची गवताची जागा आपणच जाळून काळी करून ठेवायची. पुढे डोंगराकडून वणवा आला तर त्या काळ्या पट्ट्यावर त्याला खायला काही मिळत नाही, तो तिथे थांबतो. हे काम सकाळी दव असताना, वारा उठायच्या आत करायचं. एकाने पेटवत पुढे जायचं, दुसऱ्याने ओल्या डहाळीने झोडपत, विझवत मागून यायचं. एकट्याचं काम नाही. पहिली पाच गवतं माधवने आणि चांगुणाने मिळून पट्टा जाळला.

सहाव्या वर्षी मी मध्ये पडले. लायब्ररीत नव्याने आलेल्या एका पुस्तकात गवताळ प्रदेशांतल्या लोकांविषयी वाचलं होतं. दूरदेशी सपाट रानात एकट्याने घर बांधून राहणारी कुटुंबं, आणि आग येऊ नये म्हणून ती आपणच लावत असलेली आग. मला ते वर्णन फार भावलं. संध्याकाळी फोनवर मी माधवला म्हटलं, ‘आपल्याकडेही हेच करतात ना? मला बघायचंय. माझ्याशिवाय जाळू नकोस.’

सहा वर्षांत माळावरचं काही मी पहिल्यांदाच मागितलं होतं.

‘नाही जाळत,’ तो म्हणाला. ‘ये तू.’

त्या रविवारी जाता आलं नाही. कॉलेजात तपासणीसाठी लोक येणार होते आणि पुस्तकांची पडताळणी चालू होती. लायब्ररीतल्या आम्ही सगळ्याजणी सुट्टीच्या दिवशीही कपाटांपुढे उभ्या होतो. हे खरं होतं. माधव म्हणाला, हरकत नाही, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी मला काहीही काम नव्हतं. थंडी पडली होती. शनिवारी संध्याकाळी मी पिशवी काढली, ती पुन्हा कपाटात ठेवली. त्याला फोनवर म्हटलं की पडताळणी अजून संपली नाही, पुढच्या रविवारी बघते. तो म्हणाला, ‘गवत काही पळून जात नाही.’ रविवारी मी पोहे केले आणि दुपारपर्यंत पलंगावर वाचत पडले. पुस्तक चांगलं होतं. ते कोणतं होतं हे मला आठवतं, आणि ते मी पुन्हा उघडलेलं नाही.

त्यानंतरचा बुधवार मी सुरुवातीला सांगितला आहे.

आग कोणी लावली ते कळलं नाही. डोंगराच्या अंगाने आली, वारा होता. डॉक्टर मला म्हणाले की त्याला भाजलेलं नाही, हृदय थांबलं. हे घरी बसल्या बसल्याही झालं असतं. डॉक्टर भला माणूस होता. त्याचं ते वाक्य मी जपून ठेवलं आहे, पण ते वापरता येत नाही. माळावरच्या घरात माधवने भिंतीला एक फळी ठोकली होती, माझ्या पुस्तकांसाठी. तिच्यावर नाचणीचे डबे असायचे आणि लायब्ररीचं एकच पुस्तक, मी त्याला वाचायला दिलेलं, गवताळ प्रदेशांविषयीचं. पडताळणीच्या तक्त्यात त्या पुस्तकापुढे कारण लिहायचं होतं. मी ‘जळाले’ असं लिहिलं. कोणी काही विचारलं नाही.

पुढची दोन गवतं माळ तसाच पडून राहिला. निखिल म्हणाला, ‘आई, तुला वाटेल तसं कर, घाई नाही.’ त्याला घाई नव्हतीच. त्याच्या खिडकीतूनही डोंगर दिसतो, पण तो दुसरा डोंगर. मी रिटायर झाले. ज्या दिवसाची आम्ही दोघांनी इतकी वर्षं वाट बघितली, त्या दिवशी मला शाल आणि नारळ मिळाला आणि मी चालत घरी आले.

यंदा दिवाळीनंतर चांगुणाचा फोन आला. तिने माझ्या माळावरचं गवत कापून तिथेच गंजी लावली होती. वाडीत जागा नाही, म्हणाली. न विचारता लावली, त्याबद्दल रागवायचं तर रागवा. मग म्हणाली, ‘पट्टा जाळाया लागंल, वहिनी. माझ्या मान्साचा पाय मोडलाय. येता का तुमी?’

‘या रविवारी नाही जमणार,’ मी म्हटलं. ‘पुढच्या रविवारी बघते.’

वाक्य आपोआप आलं. तोच आवाज, तोच सूर, अगदी शेवटचा ‘बघते’सुद्धा. फोन बंद झाल्यावर मी तिथेच उभी राहिले. मग तिला उलटा फोन लावला, तो लागला नाही. तो शुक्रवार होता. शनिवारी दुपारी मी कल्याणहून एसटीत बसले.

चांगुणाच्या ओटीवर उन्हं उतरेपर्यंत आम्ही वाल सोलत बसलो. तिचा नवरा आत खाटेवर होता, त्याच्या पायाचं प्लास्टर मुलांनी रंगवून ठेवलं होतं. ती मला म्हशींबद्दल, सुनेबद्दल सांगत होती. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. तीन वर्षं जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही, ते मी तिला सांगितलं. त्या दुसऱ्या रविवारी मला काम नव्हतं.

ती वाल सोलत राहिली.

‘माहीत हाय मला,’ ती म्हणाली.

‘कसं?’

‘भाऊच बोलले. फोन करून खडकावरनं उतरले न् हितं आले. मी बोलले, येनार का वहिनी? तर बोलले, नाय, तिला वाचायचंय वाटतं. आवाजावरनं कळतं, बोलले.’

मी हातातला वाल सोलला. मग विचारलं, तो हसत होता का.

‘नाय,’ ती म्हणाली. ‘हसले नाय. रागावले पन नाय. चहा पिले.’

तिने सोललेले वाल ताटात एका बाजूला सारले. पुढचं ती माझ्याकडे न बघता बोलली. ‘मी त्यांना बोलले, चला, आपुन दोघं उरकून टाकू. ते बोलले, नको, तिनं सांगितलंय. मी गप बसले. मी काडी लावली असती तर काय माझा हात धरनार होते? नाय लावली. मला वालाला पानी द्यायचं होतं.’

मला वाटलं होतं, कधी कोणाला हे सांगितलं तर माझ्यावरचं ओझं थोडं तरी उतरेल. तसं झालं नाही. ते दोघींत वाटलंही गेलं नाही. तिच्याजवळ तिचं होतं, माझ्याजवळ माझं. फक्त आता मला हे कळलं की माझं खोटं त्याला समजलं होतं, आणि तरीही तो थांबला होता. तो फसला असता तर एक वेळ सोपं होतं. तो फसला नव्हता. त्याला मी कळत होते, आणि तो वाट बघत होता.

ती म्हणाली, जळल्या घराजवळ तिला दोन डहाळ्या सापडल्या होत्या. विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेल्या, त्यामुळे आगीतून वाचल्या. पट्ट्यासाठी त्याने तोडून ठेवलेल्या. एकीच्या मुठीला फडकं गुंडाळलं होतं. ‘तुमच्या हाताला लागू नये म्हनून,’ ती म्हणाली, आणि वालाचं ताट उचलून आत गेली. त्या डहाळ्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

सकाळी आम्ही माळावर गेलो तेव्हा गवत दवाने जड होतं आणि चालताना साडीचा घेर गुडघ्यापर्यंत भिजला. खडक तिथेच होता. चांगुणाने करंजाच्या ओल्या डहाळ्या तोडल्या, एक मला दिली. तिच्या मुठीला काही गुंडाळलेलं नव्हतं. ती चुडीने, म्हणजे पेटत्या गवताच्या जुडीने, पेटवत पुढे निघाली. ज्वाळा मोठ्या नसतात. दवामुळे आधी पांढरा धूर येतो, मग खालून तडतड, आणि गवत उभ्या उभ्या बसतं. मी मागून झोडपत जात होते. पहिल्या काही फटक्यांना आग विझण्याऐवजी पसरली.

‘वरनं मारू नका, वहिनी. दाबा. दाबून धरा,’ चांगुणा मागे न वळता म्हणाली. ‘कंपनी पन तसंच मारायची.’

मी दाबून धरलं. तळहाताला फोड आले. आधी आम्ही गंजीला फेरी घातली. मग ती थांबली आणि पलीकडे जळलेल्या घराच्या जागेकडे बघू लागली. तिथे भिंती नाहीत, छप्पर नाही. पट्ट्याची गरज नाही. चूड तशीच हातात धरून ती तिकडे वळली, आणि आम्ही त्या जागेभोवतीही पट्टा जाळला. सूर्य डोंगरावर आला आणि वारा सुटला तोवर काम झालं होतं. विहिरीवर हात धुताना चांगुणा म्हणाली, ‘पुढच्या गवताला माझा मानूस उभा राहील, तुमी नाय आलात तरी चालंल.’ मी म्हटलं, येईन. तिने माझ्याकडे बघितलं, आणि बादली विहिरीत सोडली.

आता माळावर घराचं जोतं आहे, चुलीचे तीन दगड आहेत आणि चांगुणाची गंजी आहे. त्यांच्याभोवती बारा हात काळी जमीन आहे.